मीटरचा आकडा आणि आपलं पिण्याचं पाणी



पेनासारखा दिसणारा, बटण दाबलं की आकडा दाखवणारा पाणी तपासायचा मीटर हल्ली गावागावांत दिसू लागला आहे. कुठे फिल्टर विकायला आलेला माणूस तो खिशातून काढतो, कुठे शिकणाऱ्या मुलाने तो घरी मागवलेला असतो, कुठे गटाने वर्गणी काढून घेतलेला असतो. दोनशे ते पाचशे रुपयांत मिळतो. दुकानदार त्याला ‘टीडीएस मीटर’ म्हणतात. पाण्यात बुडवला की आकडा येतो आणि मग सगळ्या एकमेकींकडे बघतात. हा आकडा चांगला की वाईट? हे पाणी लेकरांना द्यायचं की नाही?

मीटर खोटं बोलत नाही. पण त्याला विचारला नाही तो प्रश्न आपण त्याच्या तोंडी घालतो आणि तिथे फसतो. हा मीटर पाण्यातला खार मोजतो. जंतू मोजत नाही. एवढी एक गोष्ट नीट समजून घेतली, तर हे छोटंसं यंत्र आपल्या खूप उपयोगाचं आहे. ती समजली नाही, तर त्याच यंत्राच्या भरवशावर आपण पावसाळ्यात घरादाराला जुलाब लावून घेऊ, किंवा नको असलेल्या मशीनसाठी कर्ज काढून बसू.

आपल्या भागात खार का मोजायचा?

कासूची जागा बघा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला अंबा नदी आणि तिच्याबरोबर धरमतर खाडीकडे उतरत जाणारी खारेपाटाची सपाट जमीन. भरतीचं पाणी नदीतून खूप आत येतं. एके काळी भरतीच्या पाण्यावर गलबतं थेट नागोठण्यापर्यंत यायची, हे जुन्या माणसांकडून तुम्ही ऐकलं असेल. म्हणजे समुद्र डोळ्यांना दिसत नसला, तरी त्याचं पाणी आपल्या शेजारी आहे. शेतं वाचवायला खारबंदिस्तीचे बांध घातले, उघाड्या बसवल्या, ते याच पाण्याला अडवायला.

त्यामुळे आपल्याकडे एकाच गावात दोन विहिरींच्या पाण्याची चव वेगळी असते. वरच्या आळीतली विहीर गोड, खालच्या आळीतली एप्रिल उजाडला की मचूळ. बोअर मारली तर वर्षभर चांगली चालेल की दोन उन्हाळ्यांत खारी होईल, हे आधी सांगता येत नाही. जीभ आपल्याला सांगते, पण उशिरा. रोज तेच पाणी पिणाऱ्या जिभेला सवय होते. पाहुणी आली की तीच म्हणते, “काकी, पाणी मचूळ लागतंय हो.” मीटरला अशी सवय लागत नाही. चव बदलण्याआधी तो बदल दाखवतो. आपल्यासाठी त्याचा खरा उपयोग हा आहे.

मीटर नेमकं काय करतो?

मीटरच्या खालच्या टोकाला धातूच्या दोन बारीक काड्या असतात. त्यांच्यामधून पाण्यात अगदी थोडी वीज जाते. निव्वळ पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. मीठ, चुना, सोडा असे क्षार विरघळलेले असले की वाहते. क्षार जास्त तर वीज जास्त. मीटर ही वीज मोजतो आणि त्यावरून हिशोब करून आकडा दाखवतो. आकड्यापुढे ‘पीपीएम’ लिहिलेलं असतं. १ पीपीएम म्हणजे एका लिटर पाण्यात १ मिलिग्रॅम विरघळलेला पदार्थ. ५०० पीपीएम म्हणजे लिटरमागे अर्धा ग्रॅम.

तो कोणता क्षार आहे हे मात्र मीटर सांगत नाही. खाडीचं मीठ आणि खडकातला चुना त्याला सारखेच. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, पातेल्याला पांढरा थर बसतो, तर पाणी जड आहे. चवीला खारट-मचूळ लागतं, तर मीठ आहे. हा फरक तुमचं स्वयंपाकघर मीटरपेक्षा चांगला ओळखतं.

मोजायची रीत

१. स्वच्छ काचेचा किंवा स्टीलचा पेला घ्या. ज्या पाण्याची तपासणी करायची त्याच पाण्याने दोनदा विसळा. साबणाचा किंवा मिठाचा अंश राहिला तर आकडा चुकतो.

२. नळाचं किंवा बोअरचं पाणी असेल तर थोडं वाहू द्या, मग पेला भरा. विहिरीचं असेल तर ताजी कळशी काढा, रात्रीच्या हंड्यातलं घेऊ नका.

३. पाणी गरम नको. उन्हात तापलेल्या टाकीचं असेल तर सावलीत निवू द्या. गरम पाण्यातून वीज जास्त जाते. बऱ्याच मीटरमध्ये ही चूक सुधारायची सोय असते, पण थंड झालेल्या पाण्यात मोजणं केव्हाही चांगलं.

४. मीटरचं टोपण काढा, चालू करा, खुणेच्या रेषेपर्यंतच बुडवा. पूर्ण बुडवला तर आत पाणी जाऊन बिघडतो.

५. हलकेच ढवळा, म्हणजे काड्यांना चिकटलेले बुडबुडे निघतात. आकडा थांबेपर्यंत अर्धा मिनिट वाट बघा. ‘होल्ड’ बटण दाबलं की आकडा पडद्यावर थांबून राहतो.

६. लगेच वहीत लिहा. मग मीटर साध्या गोड्या पाण्यात बुडवून काढा, झटका, सुकू द्या, टोपण लावा.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. खारेपाटात ती सगळ्यांत जास्त चुकते. बऱ्याच स्वस्त मीटरच्या पडद्यावर तीनच आकडे मावतात. पाणी ९९९ च्या वर गेलं की मीटर बाजूला ‘×१०’ अशी छोटी खूण दाखवतो. म्हणजे दिसलेल्या आकड्याला दहाने गुणायचं. पडद्यावर १४३ आणि शेजारी ती खूण असेल, तर पाणी १४३ नाही, १४३० आहे. खूण बघितली नाही तर खारं पाणी आपण गोड म्हणून वहीत लिहू. म्हणून वाचताना दोघींनी बघावं. एकीने वाचायचं, दुसरीने खूण तपासून लिहायचं.

आकड्याचा अर्थ

आपल्या देशात पिण्याच्या पाण्याचं मानक भारतीय मानक ब्युरोने ठरवलं आहे. त्याचा क्रमांक आयएस १०५००, सुधारणा २०१२ ची. त्यात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. जवळपास दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं असं म्हटलं आहे. घरच्या हिशोबाने ते असं धरा:

• ५०० च्या आत: खाराच्या बाबतीत काळजी नाही. पावसाचं पाणी, डोंगरातला झरा, धरणाचं पाणी बहुधा यात येतं.

• ५०० ते १०००: चवीत फरक जाणवेल. पिता येतं, पण आकडा वाढतो आहे का यावर लक्ष ठेवा.

• १००० ते २०००: दुसरी सोय असेल तर हे पाणी धुणीभांडी आणि जनावरांना, पिण्यासाठी दुसरं.

• २००० च्या वर: पिऊ नये.

खाडीचं पाणी थोडंसं मिसळलं तरी आकडा किती उडी मारतो ते बघा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ३५,००० पीपीएम. २०० आकडा असलेल्या गोड्या पाण्याची १५ लिटरची बादली घ्या आणि त्यात एकच लिटर समुद्राचं पाणी ओता. बादलीचा आकडा जवळपास २४०० होतो. एका लिटरने पंधरा लिटर पाणी पिण्यातून गेलं. भूगर्भात खाडीचं पाणी थोडंसं आत शिरलं की अख्खी विहीर का बिघडते, ते यावरून लक्षात येईल.

हा खार नुसता चवीचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. १५०० पीपीएमचं पाणी दिवसात ३ लिटर प्यायलं तर नुसत्या पाण्यातून साडेचार ग्रॅम क्षार पोटात जातात. ते सगळंच मीठ नसतं, पण खाडीकाठी मोठा वाटा मिठाचाच असतो. त्यात आपलं सुकं बोंबील, लोणचं, पापड आलंच. बांगलादेशात खाडीकाठच्या डाकोप भागात गरोदर बायकांचा अभ्यास झाला, त्यात खारट पाणी पिणाऱ्यांमध्ये रक्तदाबाचा त्रास जास्त आढळला. तिथली जमीन आपल्या खारेपाटासारखीच, सखल आणि भरतीच्या पाण्याशेजारची. म्हणून घरात गरोदर सून असेल, रक्तदाबाच्या गोळ्या खाणाऱ्या सासूबाई असतील, तर गोड पाण्याचा पहिला हंडा त्यांच्यासाठी ठेवा. आणि तपासणीला जाल तेव्हा आशाताईंना किंवा नर्सबाईंना सांगा की आमच्या पाण्याचा आकडा इतका आहे.

मीठ-साखरेचा प्रयोग

आता जंतूंकडे येऊ. गटाच्या बैठकीत हा प्रयोग जरूर करा, पाच मिनिटं लागतात.

दोन पेले एकाच हंड्यातल्या पाण्याने भरा. दोन्हींचा आकडा घ्या, सारखाच येईल. एकात चिमूटभर मीठ टाकून ढवळा. आकडा सरसर वर जाईल. दुसऱ्यात दोन चमचे साखर टाका, पूर्ण विरघळवा आणि मीटर बुडवा. आकडा वाढणार नाही, जवळपास होता तिथेच राहील. पाणी गोडमिट्ट झालेलं आहे, पण मीटरला त्याचा पत्ता नाही. कारण साखरेच्या पाण्यातून वीज वाहत नाही.

जी गोष्ट वीज वाहून नेत नाही ती मीटरला दिसत नाही. जंतू तसेच. फवारणीच्या औषधाचा अंशही तसाच. जंतू तर इतके हलके की एका लिटरमध्ये १० लाख असले तरी सगळ्यांचं मिळून वजन साधारण एका मिलिग्रॅमचा हजारावा भाग भरेल. आपला मीटर एका मिलिग्रॅमच्या खालचं काही ओळखतच नाही.

पाणी उकळूनही एकदा मोजा. उकळण्याआधी आणि नंतर निवल्यावर आकडा जवळपास तोच येईल. जंतू मेले, पाणी पिण्याजोगं झालं, पण मीटरला काही कळलं नाही. उलट एखादी म्हणेल, “आकडा उतरला नाही, मग उकळून काय उपयोग?” तिला साखरेचा पेला दाखवा.

डोळे आणि जीभ यांनाही जंतू दिसत नाहीत. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली होती. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांनी घरोघर विचारून शोधून काढलं की आजारी पडलेली बहुतेक माणसं ब्रॉड स्ट्रीटवरच्या एकाच हातपंपाचं पाणी पीत होती. त्या पंपाचं पाणी चवीला चांगलं म्हणून नावाजलेलं होतं. दूर राहायला गेलेली एक बाई मुद्दाम ते पाणी मागवून प्यायची, तीही कॉलऱ्याने गेली. शेजारच्या मैलाखड्यातली घाण पंपाच्या विहिरीत झिरपत होती.

पावसाळ्यात आकडा उतरतो, धोका वाढतो

आपल्याकडे हे सगळ्यांत जास्त लक्षात ठेवायचं आहे. मे महिन्यात समजा तुमच्या विहिरीचा आकडा ११०० होता. जून-जुलैत पाऊस लागला, विहीर भरली आणि आकडा ३०० वर आला. सगळ्यांना बरं वाटतं. पाणी गोड लागतं, मीटरही चांगलं म्हणतो. पण आकडा कशामुळे उतरला? पावसाचं पाणी विहिरीत उतरलं म्हणून. ते पाणी कुठून आलं? गोठ्यावरून, उकिरड्यावरून, शेतातून, शौचालयाच्या शोषखड्ड्याशेजारून. काठ फुटलेला असेल, ओटा खचला असेल, तर ते गाळून नाही, सरळ आत येतं.

म्हणजे आकडा सर्वांत चांगला दिसतो तेव्हाच पाण्यात जंतू असण्याची भीती सर्वांत जास्त असते. जुलाब, उलट्या, काविळीचे पेशंट दवाखान्यात याच दिवसांत वाढतात. पागोळीचं पाणी पिंपात धरतो त्याचंही तेच. त्याचा आकडा २०-३० येईल, बाजारातल्या बाटलीपेक्षाही कमी. पण कौलांवर पक्ष्यांची विष्ठा होती का, पिंप घासलेलं होतं का, हे त्या आकड्यात कुठेच नाही.

तेव्हा घरात एक साधा नियम करा: जून ते ऑक्टोबर आकडा काहीही असो, पिण्याचं पाणी गाळून, खळखळ उकळी आल्यावर आणखी मिनिटभर ठेवून, झाकून निवलेलंच प्यायचं. सरपण किंवा गॅस पुरत नसेल तर क्लोरीनची गोळी किंवा थेंब पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबायचं. पाणी काढायला दांड्याचं ओगराळं वापरायचं, हात बुडवायचा नाही.

उन्हाळ्यात वही बोलते

मीटरचं मोल एका आकड्यात नसतं. एकाच ठिकाणचे बारा महिन्यांचे आकडे ओळीने लिहिले की मग ते बोलायला लागतात. गटाच्या बचतीच्या वहीसारखीच एक पाण्याची वही करा. रकाने असे: तारीख, वेळ, ठिकाण, आकडा, उधाण होतं का, शेरा, सही. नोव्हेंबर ते जानेवारी महिन्यातून एकदा, फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत दर पंधरा दिवसांनी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणानंतर एकदा मोजलंत तर फारच चांगलं. मीटर शक्यतो तोच ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांचे मीटर हिशोब वेगळा धरतात, त्यामुळे एकाच पाण्याचा आकडा एकात १००० तर दुसऱ्यात १३००-१४०० येऊ शकतो.

वहीत काय बघायचं?

आकडा महिन्यामागून महिना हळूहळू चढत असेल, तर पाण्याची पातळी खाली जाते आहे आणि उरलेलं पाणी घट्ट होतं आहे, किंवा खाडीकडचं पाणी सरकतं आहे. उपसा कमी करायची ही वेळ.

उधाणानंतर एकदम उडी दिसली, तर बांध किंवा उघाडी बघून या. कुठे खांड पडली असेल, उघाडीची झडप नीट बसत नसेल. तारखेसह आकडे हातात असले की ग्रामपंचायतीला आणि खारभूमी विभागाला नुसतं “पाणी खारं झालं” म्हणण्यापेक्षा जास्त ठामपणे सांगता येतं.

बोअरचा पंप सुरू केल्यावर आकडा ५००, तासाभराने ९००, तर खालून खारं पाणी वर ओढलं जातं आहे. जमिनीखाली गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, खारं जड म्हणून खाली असतं. समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीचा जुना हिशोब सांगतो की गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली की खालचं खारं पाणी चाळीस फुटांपर्यंत वर चढू शकतं. आपल्या कातळात तो आकडा तसाच्या तसा लागू होत नाही, पण दिशा तीच. अशा बोअरवर एकदम तीन तास पंप चालवण्यापेक्षा थोडा थोडा वेळ, मध्ये विश्रांती देऊन चालवा. नवी बोअर आणखी खोल मारली तर गोडं पाणी लागेलच असं समजू नका. खाडीकाठी खोल गेल्यावर खारंच लागण्याची भीती असते.

परसबागेसाठीही वही कामाची आहे. साधारण ४५० च्या आतलं पाणी भाजीला बिनधास्त द्या. त्याच्या वर जाईल तशी नाजूक भाजी रुसते, पानांच्या कडा करपतात. २००० च्या वरचं पाणी रोज घातलं तर मातीच बिघडते.

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात समुद्र शेकडो कोस दूर असूनही जमिनीखालचं पाणी खारं आहे. त्या पट्ट्याला खारपाणपट्टाच म्हणतात.

फिल्टर विकायला कोणी आलं तर

आता पैशाची गोष्ट. दारावर येणारा विक्रेता दोन प्रकारांनी घाबरवतो.

पहिला प्रकार मीटरचा. तुमच्या नळाच्या पाण्यात १८० दाखवतो, त्याच्या मशीनच्या पाण्यात २० दाखवतो आणि म्हणतो, “बघा ताई, किती घाण आहे.” तुम्हाला आता माहीत आहे की १८० म्हणजे घाण नव्हे, क्षार. आणि १८० मानकाच्या कितीतरी आत आहे. आरओ मशीन खार काढायचं यंत्र आहे. ५०० च्या आत आकडा असलेल्या पाण्याला त्याची गरज नसते. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही अशा पाण्यासाठी आरओ वापरावर बंदी आणावी असं केंद्र सरकारला सांगितलं होतं. कारण एक लिटर पाणी गाळताना साधं घरगुती मशीन तीन लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकतं. मे महिन्यात हंड्यासाठी रांग लावणाऱ्या आपण, तीन हंडे मोरीत सोडायचे का?

दुसरा प्रकार दोन दांड्यांच्या यंत्राचा. पेल्यात दांड्या बुडवून वीज लावतो आणि दोन मिनिटांत पाणी तपकिरी-काळपट, गाळाने भरतं. मशीनच्या पाण्यात काही होत नाही. बघणारी बाई हादरते. खरं म्हणजे तो गाळ पाण्यातला नसतोच. दांडी लोखंडाची असते, विजेने ती झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. मशीनच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. त्याला शांतपणे सांगा, “दादा, तुमच्या मशीनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि मग लावा.” तेही पाणी तसंच तपकिरी होईल.

ज्या घराचा आकडा उन्हाळाभर १०००-१५०० राहतो आणि दुसरं पाणीच नाही, तिथे आरओचा विचार जरूर करा. पण अंतर्गत कर्ज मागण्याआधी वहीतले आकडे गटापुढे ठेवा, दरवर्षीच्या सर्व्हिसचा आणि जाळी बदलायचा खर्च धरा, आणि पाच घरांत मिळून काही सोय होते का बघा. ज्यांचा प्रश्न फक्त जंतूंचा आहे, त्यांचं काम उकळण्याने किंवा क्लोरीनने होतं. त्यासाठी दहा-पंधरा हजारांचं कर्ज नको.

जारच्या पाण्याचंही असंच. आकडा ५० आला तर एवढंच कळतं की खार काढला आहे. जार धुतला होता का, ते कळत नाही.

मग जंतू कसे तपासायचे?

त्यासाठी सोयी आहेत आणि त्या आपल्या हक्काच्या आहेत. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. किट कपाटात बंद असेल तर बाहेर काढायला लावा, रसायनांची मुदत बघा. त्या किटने फ्लोराइड, नायट्रेट, लोह, क्लोराइड, जडपणा वेगवेगळे तपासता येतात, म्हणजे मीटरला जे वेगळं करता येत नाही ते.

जंतूंसाठी छोटी बाटली मिळते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून घरात उबेला २४ ते ४८ तास ठेवायचं. पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. ते पाणी तसंच प्यायचं नाही आणि लगेच जलसुरक्षकाला कळवायचं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते ओटी चाचणीने कळतं. नळीत पाणी घेऊन दोन थेंब टाकले की पिवळा रंग येतो. रंग आलाच नाही तर क्लोरीन नाही. ही चाचणी टाकीजवळ नाही, वाडीच्या शेवटच्या नळावर करा. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असायला हवं.

याशिवाय प्रयोगशाळेत रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, व्हायला हवी. नमुने जलसुरक्षकामार्फत जातात. ग्रामपंचायतीला स्वच्छता सर्वेक्षणानंतर लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या पंचायतीला कोणतं मिळालं आणि का, हे विचारायला संकोच नको. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. त्या महिला कोण, त्यांना बैठकीचं बोलावणं येतं का, हेही विचारा. कारखान्याजवळचं पाणी असेल, वास किंवा रंग बदलला असेल, तर मीटर आणि किट दोन्ही बाजूला ठेवून थेट प्रयोगशाळेचा आग्रह धरा.

पुढच्या बैठकीत एवढं करा

प्रत्येकीने आपल्या घरच्या पिण्याच्या पाण्याचा एक पेला झाकून आणा. मीठ-साखरेचा प्रयोग करून दाखवा. सगळ्या पेल्यांचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा, ‘×१०’ ची खूण तपासून. दोघींवर पंधरवड्याची जबाबदारी द्या, दर तीन महिन्यांनी ती बदला, म्हणजे सगळ्या शिकतील. मीटर नसेल तर ग्रामसंघात एक घेतला तरी आठ-दहा गटांना पुरतो. वर्षभराची वही झाली की ती ग्रामसभेत वाचून दाखवा. आणि वहीच्या पहिल्याच पानावर, आकड्यांच्या वर, ठळक अक्षरांत लिहून ठेवा: हा आकडा खाराचा आहे, पाणी उकळूनच प्यायचं.